विटेच्या भिंतीआडची कला

३० डिसेंबर १८६६ रोजी लंडनजवळच्या सिडनहॅममध्ये आग लागली आणि त्या आगीत अजिंठा जळाला. लेणी वाघूर नदीच्या वळणावर होती तिथेच होती. जळाल्या त्या रॉबर्ट गिलने केलेल्या त्यांच्या भल्यामोठ्या तैलरंगातल्या प्रतिकृती. मद्रासच्या फौजेतल्या या अधिकाऱ्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये अजिंठ्याला पाठवलं. पुढची सुमारे वीस वर्षं तो अंधाऱ्या लेण्यांत बसून भिंतीवरची चित्रं कॅनव्हासवर उतरवत राहिला. मराठी वाचकाला गिल माहीत आहे तो त्याची प्रेयसी पारो हिच्यामुळे आणि ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या काव्यामुळे. पारो १८५६ मध्ये गेली. गिल १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे. पण एवढा जीव ओतून केलेल्या त्या चित्रांचं पुढे काय झालं, हे सहसा कुणी विचारत नाही. ती विलायतेला गेली, एका प्रचंड काचेच्या इमारतीत टांगली गेली आणि बहुतेक सगळी त्या आगीत राख झाली. जी थोडी त्या वेळी भिंतीवर नव्हती, तेवढीच वाचली.

ही हानी भरून काढायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतलं सगळ्यांत ठळक नाव. तेरा वर्षं हे काम चाललं. कॅनव्हास तयार होतील तसे लंडनला रवाना होत. १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला आग लागली आणि त्यांतलेही बरेच जळाले. एकाच लेण्यांच्या प्रतिकृती एकोणीस वर्षांत दोनदा जळाल्या, आणि दोन्ही वेळा ‘इथे त्या सुरक्षित राहतील’ म्हणून नेलेल्या जागी.

या दोन्ही जागांचं मूळ एकच आहे: लंडनचं १८५१ चं महाप्रदर्शन. सिडनहॅमची काचेची इमारत म्हणजे त्या प्रदर्शनासाठी हाइड पार्कात उभारलेला आणि नंतर सुटा करून हलवलेला क्रिस्टल पॅलेस. साउथ केन्सिंग्टनची जमीन घेतली गेली ती त्याच प्रदर्शनाच्या नफ्यातून. नफा होता सुमारे १ लाख ८६ हजार पौंड. जागतिक प्रदर्शनं आणि चित्रं यांचं नातं असं पहिल्यापासून आगीशी बांधलेलं आहे. या प्रदर्शनांसाठी बांधलेले कलाप्रासाद समजून घ्यायचे, तर त्यांचे खांब, घुमट आणि पुतळे जरा बाजूला ठेवावेत आणि गिलाव्याच्या आत काय आहे ते पाहावं, असं मला वाटतं.

क्रिस्टल पॅलेसची कल्पना जोसेफ पॅक्स्टनची. हा मूळचा माळी. बड्या सरदाराच्या बागेत काचेची उष्णगृहं बांधण्यात हात बसलेला. लोखंडी सांगाडा आणि काच यांचं ते अवाढव्य प्रकरण त्याने काही महिन्यांत उभं केलं. साठ लाखांवर लोक येऊन गेले. आपल्याकडून गेलेला कोहिनूर तिथे पिंजऱ्यात ठेवला होता आणि तो म्हणावा तसा चमकत नाही, अशी लोकांची तक्रार होती. पण या प्रदर्शनात चित्रांना जागा नव्हती. शिल्पं चालत. चित्र मांडायचं झालं, तर रंग, कॅनव्हास, छपाई अशा एखाद्या उद्योगाचा नमुना म्हणूनच. यंत्रं, कापड, भांडी आणि कच्चा माल यांच्या मेळ्यात चित्रकाराचं काय काम, असा तो हिशेब होता.

फ्रेंचांना हा हिशेब पटणं शक्यच नव्हतं. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी चित्र-शिल्पांसाठी स्वतंत्र वास्तू बांधली, पाले दे बोझार, म्हणजे ललितकलांचा महाल. वास्तुकार एक्तोर लफ्युएल. सुमारे पाच हजार कलाकृती एका छपराखाली आल्या. अँग्र आणि दलाक्रवा या दोन प्रतिस्पर्ध्यांना आपापल्या जन्मभराच्या कामाची दालनं मिळाली. गुस्ताव कूर्बेचं ‘चित्रकाराचा स्टुडिओ’ हे भिंतभर चित्र मात्र परीक्षकांनी नाकारलं. कूर्बे गप्प बसणारा नव्हता. त्याने जवळच स्वखर्चाने तंबूवजा मंडप ठोकला, दारावर ‘वास्तववाद’ अशी पाटी लावली आणि तिकीट लावून आपली चाळीसेक चित्रं मांडली. धंदा बुडाला. पण कलाप्रासाद जन्मला त्याच वर्षी त्याच्या दाराबाहेर बंडाचा मांडवही पडला. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, हा प्रश्न या वास्तूंच्या पाचवीला पुजलेला आहे. त्याकडे आपल्याला पुढे परत यायचंच आहे. लफ्युएलचा महाल प्रदर्शन संपल्यावर पाडून टाकला.

पाडणं हाच नियम होता. जागतिक प्रदर्शन म्हणजे सहा महिन्यांचं नगर. लोक यावेत, दिपून जावेत, तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत आणि मग उद्यानाची जागा मोकळी करून द्यावी. सहा महिन्यांसाठी दगड घडवायला कोण पैसे देणार? फिलाडेल्फियाने १८७६ मध्ये अमेरिकी स्वातंत्र्याच्या शताब्दीला ते केलं. हर्मन श्वार्ट्झमन नावाच्या तरुण अभियंत्याने ‘मेमोरियल हॉल’ हे कलादालन ग्रॅनाइट, वीट, लोखंड आणि काच यांत पक्कं बांधलं. ते अजून उभं आहे आणि २००८ पासून तिथे लहान मुलांचं संग्रहालय भरतं. पण खरी गोष्ट शिकागोची आहे, तेव्हा तिथे थोडं थांबू.

१ मे ते ३० ऑक्टोबर १८९३. कोलंबस अमेरिकेत पोचल्याला चारशे वर्षं झाली म्हणून मिशिगन सरोवराच्या काठावर जॅक्सन पार्कमध्ये एक पांढरंशुभ्र नगर उभं राहिलं. बांधकामाचा सूत्रधार डॅनियल बर्नहॅम. रोमन घुमट, ग्रीक खांब, कमानी, कालवे आणि रात्री विजेचे दिवे. सुमारे पावणेतीन कोटी तिकिटं फाटली. पाहणाऱ्याला वाटे, सगळं संगमरवरी आहे. होतं ते ‘स्टाफ’. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये थोडं सिमेंट आणि ताग-काथ्यासारखे तंतू कालवायचे, साच्यात ओतायचं, वाळलं की लाकडी किंवा लोखंडी सांगाड्यावर ठोकायचं आणि वर पांढरा रंग फवारायचा. आपल्या गणेशोत्सव मंडळांचे कारागीर देखाव्यासाठी जे करतात तेच, फक्त मैलभर पसरलेलं. रत्नागिरीच्या एका पावसाळ्यात त्यातलं काही शिल्लक राहिलं नसतं. शिकागोत पावसापेक्षा भीती होती ती आगीची. वाळकं लाकूड, प्लास्टर, रंग आणि सगळीकडे फिरवलेल्या विजेच्या तारा. शिवाय हे शहर १८७१ मध्ये एकदा जळून निघालेलं.

प्रदर्शन ऐन भरात असताना, १० जुलै १८९३ रोजी, तिथल्या शीतगृहाच्या इमारतीला आग लागली. मनोऱ्यावर चढलेल्या जवानांच्या खालून ज्वाळा आल्या आणि परतायची वाट बंद झाली. खाली हजारो प्रेक्षक उभे होते. अग्निशमन दलाचे १२ जवान आणि आणखी काही कामगार गेले. जानेवारी १८९४ मध्ये सरोवराकाठची स्तंभांची रांग आणि संगीतभवन जळालं. ५ जुलै १८९४ ला उरलेल्या मुख्य इमारतींपैकी बहुतेक सगळ्या एका संध्याकाळी बेचिराख झाल्या.

कलाप्रासाद वाचला. तो मुख्य चौकापासून दूर, उत्तरेला पाण्यापलीकडे होता, हे एक कारण. दुसरं, अधिक महत्त्वाचं कारण गिलाव्याच्या आत होतं. युरोपातले संग्राहक, सरकारं आणि संग्रहालयं यांनी साफ सांगितलं होतं की, इमारत आगीपासून सुरक्षित नसेल तर चित्रं पाठवणार नाही. कोट्यवधींचा माल जहाजावर चढवायचा आणि लाकडी मांडवात टांगायचा, ही गोष्ट कुणाच्याच गळी उतरली नसती. म्हणून चार्ल्स अ‍ॅटवुडने काढलेल्या त्या ग्रीक वळणाच्या प्रासादाला बाहेरून बाकीच्यांसारखाच ‘स्टाफ’चा साज असला, तरी आत विटांच्या जाड भिंती होत्या. त्या नगरात टिकण्यासाठी बांधलेली मोठी इमारत हीच. म्हणजे ती उभी राहिली ती कलेवरच्या प्रेमापोटी नव्हे. धनकोचा तारणावर भरवसा नव्हता म्हणून ती पक्की बांधली गेली.

पुढे तिथे फील्ड संग्रहालय भरलं. ते १९२० च्या सुमारास नव्या जागेत गेलं आणि प्रासाद ओस पडला. प्लास्टर गळायला लागलं, आतली वीट दिसायला लागली. मग सीअर्स या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीचे ज्युलियस रोझेनवाल्ड पुढे आले. म्युनिकचं विज्ञान-संग्रहालय पाहून त्यांनी तसंच काही शिकागोत करायचं ठरवलं होतं. विटा तशाच ठेवून बाहेरून चुनखडीचा दगड चढवला आणि १९३३ मध्ये विज्ञान व उद्योग संग्रहालय उघडलं. १९५४ पासून तिथे दुसऱ्या महायुद्धात पकडलेली यू-५०५ ही अख्खी जर्मन पाणबुडी आहे. ललितकलांच्या प्रासादात शेवटी यंत्रं शिरली, म्हणजे १८५१ च्या लोकांना पटलं असतं असंच झालं.

शिकागोनंतर धडा सगळ्यांनी घेतला. सेंट लुइसने १९०४ च्या प्रदर्शनात एकच मुख्य वास्तू कायमची बांधली, ती कास गिल्बर्टचा कलाप्रासाद. आज ते शहराचं कलासंग्रहालय आहे आणि प्रवेश फुकट आहे. ग्लासगोचं केल्व्हिनग्रोव्ह १९०१ चं. पॅरिसने १९०० साठी १८५५ चा जुना उद्योगमहाल पाडून ग्रां पाले आणि पती पाले हे दोन महाल बांधले. ग्रां पालेला बाहेर दगड आणि वर लोखंड-काचेचं छत. १९९३ मध्ये त्या छतातून एक रिव्हेट निखळून खाली पडली. कुणाला लागलं नाही, पण महाल बंद करावा लागला आणि मुख्य दालन थेट २००५ मध्ये उघडलं. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये तलवारबाजीचे सामने तिथेच झाले.

सॅन फ्रान्सिस्कोची तऱ्हा न्यारी. १९०६ च्या भूकंपात आणि त्यामागून आलेल्या आगीत हे शहर उद्ध्वस्त झालं होतं. नऊ वर्षांनी त्याने जागतिक प्रदर्शन भरवलं. बर्नार्ड मेबेकने कलाप्रासाद दोन भागांत बांधला. मागे पोलादी सांगाड्याचं, आग न लागणारं, कमानीसारखं वळलेलं लांबलचक दालन, चित्रं त्यात. पुढे तळं, तळ्याकाठी घुमट आणि खांबांच्या रांगा. हे सगळं लाकूड आणि ‘स्टाफ’चं, निव्वळ मन तयार करायला. खांबांच्या माथ्यावर स्त्रियांच्या आकृती आहेत आणि त्या पाहणाऱ्याकडे पाठ करून आत तोंड घालून उभ्या आहेत. जुने अवशेष पाहताना मन जसं उदास होतं तसं झाल्यावरच माणसाने चित्रांसमोर जावं, अशी मेबेकची कल्पना होती. गंमत अशी की लोक प्रेमात पडले ते पुढच्या खोट्या भागाच्या. प्रदर्शन चालू असतानाच तो वाचवायची मोहीम सुरू झाली. भक्कम दालनात पुढे टेनिसची मैदानं झाली, लष्करी गाड्या उभ्या राहिल्या, १९६९ ते २०१३ एक्सप्लोरेटोरियम हे विज्ञानाचं संग्रहालय होतं. पुढचा घुमट मात्र ढासळत गेला. मेबेकचं म्हणणं असं की तो ढासळू द्यावा आणि भोवती रेडवुडची झाडं लावावीत. शहराने ऐकलं नाही. १९६४ पासून जुना भाग पाडून तोच काँक्रीटमध्ये हुबेहूब ओतला. वॉल्टर जॉन्सन नावाच्या गृहस्थाने मोठी देणगी दिली. खोटा अवशेष खरा करण्याचा एवढा खटाटोप मी तरी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही. मला मेबेकच बरोबर वाटतो.

आता दाराचा प्रश्न. शिकागोच्या विटांच्या भिंतीआड कोण होतं?

प्रदर्शनातल्या सगळ्या मालाची खाती पाडलेली होती आणि प्रत्येकाला इंग्रजी अक्षर होतं. ललितकलांचं खातं ‘के’, मानववंशशास्त्राचं ‘एम’. कुठल्या खात्यात पडता त्यावर इमारत ठरणार, आणि इमारतीवर भिंत विटेची की लाकडाची ते. जपानने या वर्गवारीशी हुज्जत घातली. आमच्याकडे चित्र आणि लाखेचं काम यांत तुमच्यासारखी दरी नाही, तेव्हा आमचं लाखकाम, हस्तिदंत, धातुकाम, सगळं ललितकलेत धरा, असा आग्रह धरला आणि तो मान्य करून घेतला. जपानच्या वस्तू कलाप्रासादात लागल्या. जपानला स्वतःचं सरकार होतं. हिंदुस्थानच्या बाजूने अशी हुज्जत घालणारं कुणी नव्हतं. हिंदुस्थानची म्हणून जी इमारत शिकागोत होती तिथे चहा मिळे आणि व्यापाऱ्यांच्या वस्तू विकत मिळत.

तरी एक चित्रकार शिकागोला पोचला, राजा रविवर्मा. व्हिएन्नाच्या १८७३ च्या प्रदर्शनात त्याचं नाव झालेलंच होतं. शिकागोला त्याने दहा चित्रं पाठवली. निरनिराळ्या प्रांतांतल्या, निरनिराळ्या थरांतल्या स्त्रिया, त्यांचे पोशाख, त्यांचं घर. पदकं मिळाली. पण पारितोषिकाच्या शिफारशीत परीक्षकांचं लक्ष चित्रकारीइतकंच, किंबहुना जास्तच, पोशाख आणि चालीरीतींच्या अचूकपणावर आहे. ही चित्रं त्यांना हिंदुस्थानातल्या लोकजीवनाचा दस्तऐवज वाटली. युरोपीय पद्धतीचे तैलरंग, युरोपीय पद्धतीचा छायाप्रकाश, आणि तरी मनातल्या मनात खातं ‘एम’!

रविवर्म्याने पुढच्याच वर्षी, १८९४ मध्ये, मुंबईत छापखाना काढला. जर्मन यंत्रं, जर्मन तंत्रज्ञ. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि फ्रिट्झ श्लायशरकडे गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी आणि सरस्वती कोकणातल्या कौलारू घरांच्या ओटीवर आणि देवघरात काचेच्या चौकटीत टांगल्या गेल्या, अजूनही कित्येक ठिकाणी आहेत. कलाप्रासादात जाऊन चित्र पाहिलेल्यांपेक्षा या चौकटींसमोर हात जोडणाऱ्यांची संख्या नक्कीच जास्त भरेल.

शिकागो म्हटलं की आपल्याला स्वामी विवेकानंद आठवतात, म्हणून एक खुलासा. सर्वधर्म परिषद भरली ती जॅक्सन पार्कच्या पांढऱ्या नगरात नव्हे, तर तिथून काही मैलांवर, शहरात मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवरच्या नव्या इमारतीत. प्रदर्शनाच्या परिषदांसाठी ती वापरून मग शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटला द्यायची, असं आधीच ठरलेलं होतं. आज तिथे त्या शहराचं मुख्य कलासंग्रहालय आहे. म्हणजे विवेकानंदांचं ते गाजलेलं भाषणही एका होऊ घातलेल्या कलामंदिरातच झालं. त्याच व्यासपीठावर मुंबईच्या प्रार्थनासमाजाचे बी. बी. नगरकर होते, हे मराठी माणसाला क्वचितच माहीत असतं.

खात्यांच्या या पाडापाडीमागचा एक मोठा मेंदू आपल्याकडचा होता. जॉर्ज बर्डवूड जन्मले १८३२ मध्ये बेळगावात. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत. पुढे लंडनला जाऊन हिंदी कारागिरीचे सगळ्यांत मोठे जाणकार झाले. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात हिंदी दालनाची मार्गदर्शिका त्यांनी लिहिली आणि तीच वाढवून १८८० मध्ये हिंदी औद्योगिक कलांवरचा ग्रंथ केला. या माणसाचं आपल्या कारागिरांवर मनापासून प्रेम होतं. कुंभार, विणकर, लोहार यांच्याबद्दल ते भरभरून लिहितात. पण त्याच ग्रंथात त्यांचं ठाम मत आहे की, ललितकला म्हणून चित्र आणि शिल्प हिंदुस्थानात नाहीच. १९१० मध्ये तर त्यांनी ध्यानस्थ बुद्धाच्या एका मूर्तीची तुलना उकडलेल्या चरबीच्या पुडिंगशी केली आणि लंडनमध्ये एवढा गदारोळ झाला की हिंदी कलेच्या बाजूने इंडिया सोसायटी उभी राहिली. तिरस्कार करणाऱ्याशी भांडता येतं. प्रेमाने पाठीवर हात ठेवून ‘तुम्ही उत्तम कारागीर आहात, कलाकार नव्हे’ म्हणणाऱ्याचं काय करायचं?

एक उदाहरण घरचंच घेऊ. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात विजयदुर्ग होतं (१९८१ पासून ते सिंधुदुर्गात आहे). तिथले कारागीर गव्याच्या शिंगाच्या वस्तू करत, आणि एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटियरने त्याची नोंद घेतली आहे. शिंग खोबरेल तेलाने भिजतं ठेवायचं, विस्तवासमोर धरून तापवायचं. तेल आणि धग यांनी ते इतकं मऊ होतं की हवा तसा आकार देता येतो. मग कोरायचं आणि चकाकी आणायची. त्यातून पेले, तबकं, नंदी, नाग, देवपूजेच्या लहानसहान वस्तू होत. शिंगाचा काळा रंग उजेडाला धरला की कडेला मधाळ पिवळा होतो. हा नंदी ‘के’ खात्यात का नाही आणि पॅरिसच्या स्टुडिओत ओतलेला काशाचा घोडा का आहे, याचं उत्तर वस्तूत सापडत नाही. ते यादी करणाऱ्याच्या मेजावर सापडतं.

अशा याद्यांतूनच मुंबईचं पहिलं संग्रहालय जन्मलं. पॅरिसच्या १८५५ च्या प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून कारागिरीच्या वस्तू आणि कच्चा माल गोळा केला, तेव्हा दुसरी प्रत इथेच ठेवावी असं ठरलं. फोर्टातल्या टाउन बॅरक्समध्ये ती मांडली. डॉ. जॉर्ज ब्यूइस्ट हे पत्रकार देखरेखीला. १८५७ चा उठाव झाला आणि लष्कराला बॅरक्स तातडीने हव्या झाल्या. वस्तू अक्षरशः बाहेर फेकल्या गेल्या, बऱ्याच मोडल्या, बऱ्याच नाहीशा झाल्या. इथे आगीचीही गरज पडली नाही. उरलेलं गोळा करून संग्रह पुन्हा उभा केला तो बर्डवूड यांनीच, हे त्यांचं श्रेय मान्य केलं पाहिजे. १८५८ मध्ये टाउन हॉलमध्ये नागरिकांची सभा भरली. जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड पुढे होते. भायखळ्याला उद्यान आणि त्यात संग्रहालय करायचं ठरलं. १९ नोव्हेंबर १८६२ ला गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी कोनशिला बसवली. कापसाच्या तेजीत मुंबईत पैशाचा पूर होता, तो १८६५ मध्ये शेअरबाजार कोसळताच ओसरला आणि काम अडलं. शेवटी सरकारने पैसे घातले आणि २ मे १८७२ ला ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ उघडलं.

राणीच्या बागेतली ही इमारत बाहेरून साधी, दुमजली दिसते. आत पाऊल टाकलं की ओतीव लोखंडाचे नक्षीदार खांब, कठडे आणि वरून सोनेरी-हिरव्या रंगांचं छत. मधोमध प्रिन्स अल्बर्टचा पुतळा, डेव्हिड ससून यांनी दिलेला. हा अल्बर्ट म्हणजे १८५१ च्या प्रदर्शनामागचा खटपट्या राजपती. त्याने काढलेल्या वाटेचं भायखळ्यापर्यंत आलेलं टोक म्हणजे ही वास्तू, आणि तो तिच्यात उभा आहे. १९७५ मध्ये तिला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव दिलं. ते योग्यच झालं, आणि वर्गणीच्या खटपटीपेक्षाही मोठ्या कारणाने. पेशाने डॉक्टर असलेला हा माणूस संस्कृत जाणणारा. अजिंठ्याचे शिलालेख वाचून प्रसिद्ध करणाऱ्यांत तो होता. गिल लेण्यांतल्या आकृत्या उतरवत होता, भाऊ दाजी अक्षरं. आकृत्या लंडनमध्ये जळाल्या, अक्षरांचं वाचन मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात राहिलं. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंटॅक, महापालिका आणि बजाज प्रतिष्ठान यांनी इमारतीचा जीर्णोद्धार केला, त्याला २००५ मध्ये युनेस्कोचं पारितोषिक मिळालं आणि २००८ मध्ये दारं पुन्हा उघडली. महाराष्ट्रात जागतिक प्रदर्शनांचं वारसदार म्हणावं असं घर हेच.

रत्नागिरीच्या वाट्याला या सगळ्यातलं काय आलं? आला तो ब्रह्मदेशचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, थिबा राजा शरण आला आणि १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. आधी भाड्याबिड्याच्या बंगल्यांत, आणि १९१० मध्ये भाट्याच्या खाडीकडे पाहणाऱ्या उंचवट्यावर बांधलेल्या राजवाड्यात. लाल जांभ्याची भिंत, उतरतं छप्पर, अर्धवर्तुळाकार खिडक्या आणि रंगीत काचा. महाल म्हणावा असा तो आहे, पण त्यात मांडायला राजाकडे फारसं उरलं नव्हतं. पेन्शन पुरत नसे, म्हणून जवळची माणकं तो विकत आला होता. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला.

त्याच्या राज्याभिषेकाचे दागिने, सोन्याची भांडी आणि राजचिन्हं त्या वेळी साउथ केन्सिंग्टनला काचेच्या कपाटांत होती. म्हणजे १८५१ च्या नफ्यातून घेतलेल्या जमिनीवर, जिथे १८८५ मध्ये अजिंठ्याचे कॅनव्हास जळाले होते त्याच परिसरात. राजा जांभ्याच्या वाड्यात आणि राजपद लंडनच्या संग्रहालयात, अशी तीस वर्षं गेली. ‘सांभाळून ठेवलं’ हा शब्द इथेही होता, आणि या वेळी त्यांनी खरोखरच सांभाळलं. स्वतंत्र ब्रह्मदेशाने मागणी केली, १९६४ मध्ये ती राजचिन्हं परत गेली आणि आता यांगोनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. एक वस्तू मात्र ब्रह्मदेश सरकारने लंडनला भेट दिली, १८८६ पासून नीट जपल्याबद्दल आभार म्हणून: हंसाच्या आकाराचा, माणकं जडवलेला सोन्याचा विड्याचा डबा. लुटलेल्या मालातलाच एक नग लुटणाऱ्याला आभारादाखल द्यावा, हा शिष्टाचार मला आजवर उमगलेला नाही. तो डबा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. रत्नागिरीचं कुणी लंडनला गेलं तर जरूर पाहून यावा, तिथे तिकीट लागत नाही.